भोगवे आणि किल्ले निवती : कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. शनिवार-रविवार जोडून समुद्रावर जायचंय आणि तिथं पार्किंगची भांडणं, मागं लागणारे वॉटर स्पोर्ट्सचे एजंट आणि शेजारच्या खोलीतला स्पीकर यातलं काही नको असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं कर्ली नदीच्या दक्षिणेचं भोगवे आणि त्याला लागून असलेलं किल्ले निवती गाव हे कोल्हापूरहून एका दमात पोचता येण्यासारखं सगळ्यात चांगलं ठिकाण आहे. मात्र तिथं मेनूकार्डाचं हॉटेल जवळपास नाही, एटीएम हाताशी नाही, फोनला रेंज कधी असते कधी नसते आणि रात्री नऊनंतर भूक लागली तर घरून आणलेला चिवडा हाच आधार. हे वाचूनच ज्याला धाप लागली त्यानं सरळ तारकर्ली गाठावी. तिथं त्याचं जास्त भलं होईल.

हे बेट नव्हे, पण वागतं बेटासारखं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं उत्तरेला देवबाग आणि दक्षिणेला भोगवे. देवबागच्या टोकाला उभं राहिलं की समोर भोगव्याची वाळू दिसते, होडीनं काही मिनिटांचं अंतर. गाडीनं जायचं म्हटलं तर मालवणकडून फिरून वर नेरूरपारच्या पुलावरून खाडी ओलांडायची आणि परुळ्यावरून पुन्हा खाली उतरायचं. या वळशानंच भोगवं वाचवलंय. पर्यटकांच्या गाड्या मालवणहून देवबागला जाऊन थांबतात आणि तिथले लोक होडीतून भोगवे लांबून बघून परत फिरतात. परुळ्याजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा आता इथंही हॉटेलांची रांग लागणार असं वाटलं होतं. अजून तरी रांग लागलेली नाही.

जायचं कसं

तीन घाट आहेत आणि प्रत्येकाचा एक भक्त कोल्हापुरात सापडतो. भोगव्यासाठी आमची पसंती फोंडा घाटाला. रंकाळ्यावरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली, मग चौपदरी मुंबई-गोवा महामार्गानं कसाल, ओरोस, कुडाळ आणि तिथून पाट, परुळे, भोगवे. अंतर १६० ते १७० किलोमीटर, चहापाण्यासह साडेचार तास धरा. गगनबावड्याचा करूळ घाट मध्यंतरी काँक्रिटीकरणासाठी बराच काळ बंद होता. आता रस्ता चांगला झालाय, पण पावसाळ्यात दरड आली की पहिल्यांदा हाच अडतो. त्यामुळं जून ते सप्टेंबर निघण्याआधी घाट चालू आहे का हे विचारूनच गाडी काढा. आजरा-आंबोलीचा रस्ता लांब पडतो, मात्र खवणे, कोंडुरा किंवा वेंगुर्ल्याकडं मुक्काम असेल तर तोच सोयीचा.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री निघायचा मोह टाळा. दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात, आणि काळा गवा काळ्या डांबरावर हेडलाईटमध्ये फार उशिरा दिसतो. डोळे चमकले तरच दिसतो, आणि तो पाठमोरा असेल तर तेही नाही. दुसरी गोष्ट ऊस. नोव्हेंबर ते मार्च राधानगरी आणि गगनबावडा दोन्ही रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर घाट उजेडात उतरता येतो आणि साडेनऊ-दहाला भोगव्यात न्याहारी मिळते. घावणे गरम हवे असतील तर निघतानाच फोन करून ठेवा.

गाडी नसेल तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून (सीबीएस) कुडाळ किंवा मालवणची एसटी पकडायची आणि कुडाळहून परुळे-निवतीकडची गाडी किंवा रिक्षा. गावात जाणाऱ्या गाड्या मोजक्या. कुडाळला दुपारी पोचलात तर पुढच्या गाडीसाठी तास-दोन तास सहज मोडतात. यजमानाला आधी सांगितलं तर तो ओळखीची रिक्षा पाठवतो, ते जास्त शहाणपणाचं. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली तर हा सगळा परिच्छेद बदलेल, पण ती वर्षानुवर्षं कागदावरच धावतेय.

कुडाळला तीन कामं उरकून घ्या : टाकी भरणं, रोकड काढणं, औषधं घेणं. यूपीआय चालतं, पण रेंज असेल तेव्हा. होडीवाल्याच्या हातात पैसे ठेवायची वेळ नेमकी वाळूवर येते आणि तिथं पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. दोन दिवसांच्या जेवणाचे आणि होडीचे पैसे नोटांत ठेवा, त्यातही शंभर-दोनशेच्या जास्त.

परुळ्यापुढं रस्ता जांभ्याच्या सड्यावरून जातो आणि मग एकदम खाली उतरतो. शेवटचा उतार अरुंद आणि तीव्र वळणांचा. समोरून गाडी आली तर कुणालातरी मागं घ्यावंच लागतं, आणि रिवाज असा की उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची. मोठी बस खाली नेण्याच्या भानगडीत पडू नका.

एक विनंती मात्र हात जोडून. गाडी वाळूत घालू नका. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते, तिथं चाक फिरलं की खड्डाच खणतं. खालची ओली वाळू घट्ट वाटते म्हणून लोक धाडसानं खाली जातात, गाडी एका जागी थांबते, चाकाखालचं पाणी वर येतं आणि वाळू मऊ होते. त्यानंतर भरती कुणासाठी थांबत नाही. अडकलातच तर ॲक्सिलरेटर सोडा, चारही चाकांची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हातानं काढा, झावळ्या किंवा पायपुसणी घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. तेवढ्यानं निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि खारं पाणी ब्रेक-बेअरिंगमध्ये गेल्याचा खर्च महिनाभरानं गॅरेजवाला सांगतो.

राहणं

मोठं रिसॉर्ट शोधू नका. इथं खरी मजा घरगुती निवासात आहे : माडाच्या बागेत दोन ते पाच खोल्या, अंगणात तुळस, मागं विहीर. सरकारी न्याहारी-निवास योजनेत नोंदणी आहे का, एवढं एक विचारा. ती असली तर निदान खोली कुणीतरी पाहून गेलेलं असतं.

फोनवर ठरवताना लोक भाडं विचारतात आणि थांबतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त दिवा चालतो की पंखाही? हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये सगळ्यात मोठा. आंघोळीचं पाणी विहिरीचं की बोअरचं? किनाऱ्यालगत बोअरला उन्हाळ्यात खारेपणा येतो आणि साबणाला फेस येत नाही. खोलीपासून समुद्र किती पावलांवर, आणि मध्ये काय आहे? ‘समुद्राकडं तोंड’ म्हणून सांगितलेल्या खोलीतून प्रत्यक्षात माडांचे बुंधे आणि कुंपणाची हिरवी जाळी दिसते, असं घडतं. लाट ऐकू येते, हे मात्र खरं. मच्छरदाणी आहे का? संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात डास येतातच. कमोड हवा असेल तर तेही आधीच स्पष्ट विचारा, घरात आजी-आजोबा असतील तर विशेष.

एसीसाठी जादा पैसे घेणाऱ्या खोल्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याची गरज पडत नाही. खिडकी उघडी ठेवली की पहाटे चादर ओढावी लागते.

जेवण

कोल्हापूरकर इथं पहिल्या घासाला नाक मुरडतो, कारण रस्सा तांबडा दिसतो पण तिखट लागत नाही. मालवणी कालवण ओल्या खोबऱ्याच्या वाटणावर उभं असतं, आंबटपणा आमसुलाचा, आणि बांगडा किंवा तारलीच्या कालवणात तिरफळं. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढून ठेवायचं असतं. कांदा-लसूण चटणीची बाटली सोबत आणून कालवणात ओतणारे लोक असतात. त्यांनी निदान यजमानीणबाईंसमोर तरी ते करू नये.

मासा सकाळी गावात येतो तो घेतला जातो आणि तोच दुपारी ताटात येतो. म्हणून दुपारच्या जेवणाचं सकाळी नऊपर्यंत आणि रात्रीचं चारपर्यंत सांगायचं. आठवडाभर आधी फोनवर ‘आम्हाला सुरमईच पाहिजे’ असा हट्ट धरला की मग बर्फातली सुरमई मिळते. त्यापेक्षा ‘त्या दिवशी चांगलं असेल ते’ एवढंच सांगा. सौंदाळे, पेडवे, मोदकं हे मासे, तिसऱ्या म्हणजे शिंपले, कुर्ल्या म्हणजे खेकडे, हे कोल्हापुरात सहसा ताजं न मिळणारं इथं निम्म्या पैशात आणि दुप्पट चवीचं मिळतं. सुरमई तर आपल्याकडंही येते. पापलेटचा नाद सोडलात तर खिसा वाचेल.

वडे-सागोती खायची असेल तर गावठी कोंबडीसाठी एक दिवस आधी सांगावं लागतं. ती शिजायलाच दीड-दोन तास घेते, आणि घाई केली तर चामड्यासारखी येते. मटणाची अपेक्षा ठेवू नका. शाकाहारी माणसाचे इथं हाल होतात असा समज आहे, तो चुकीचा. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, सोलकढी. नुसत्या उसळीवर दोन दिवस सुखानं जातात. फक्त तुम्ही सोमवारपर्यंत राहणार असाल तर लक्षात ठेवा, बऱ्याच घरांत सोमवारी चुलीवर मासा चढत नाही.

जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा खाडीचा मासा किंवा सुकं, एवढ्यावर भागवायचं. सुक्या बांगड्याची किंवा गोलम्याची चटणी आणि पेज हे त्या दिवसांतलं खरं जेवण, पण ते मागितल्याशिवाय कुणी पाहुण्याला वाढत नाही.

भरती-ओहोटी, म्हणजे शनिवार कोणता निवडायचा

सहलीचा शनिवार लोक सुट्टी बघून ठरवतात. इथं तो तिथी बघून ठरवावा, कारण दोन दिवसांत काय करता येईल ते पाणी ठरवतं.

जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. सहा पाऊण साडेचार, म्हणजे षष्ठीला साडेचारला भरती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला बसतो. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून सिंधुदुर्गात ती पाऊण-एक तास आधी येते. तेव्हा षष्ठीची भरती भोगव्याला साडेतीन-पावणेचारच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि रोज हे चक्र पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकतं. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, म्हणून नेमकं वेळापत्रक फोनवर बघून घ्यावंच. पण शनिवार निवडायला पाऊणकी पुरते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, म्हणजे भरती जास्त वर आणि ओहोटी जास्त खाली. या दिवसांत भरती सकाळी साडेदहा-अकराच्या आगेमागे आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पाचला. सकाळी खाडीत पाणी भरलेलं असतं, तेव्हा खवण्याच्या कांदळवनात कयाक नेता येते, आणि संध्याकाळी किल्ल्याखालचे खडक उघडे पडलेले असतात, तेव्हा त्यांच्यावरून चालता येतं. चालणाऱ्यांसाठी आणि फोटोवाल्यांसाठी हाच शनिवार. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं : चढउतार कमी, ओढ कमी. लहान मुलं सोबत असतील तर अष्टमीजवळचा शनिवार घ्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, आणि कुणी बघत नाही.

आता पोहणं. भोगव्याचा किनारा लांब, पांढरा, मोकळा आणि देखणा आहे, आणि नेमकं याच मोकळेपणामुळं माणूस बेसावध होतो. जीवरक्षक असेलच असं गृहीत धरू नका. उत्तरेचं टोक, जिथं कर्ली समुद्राला मिळते, तिथं पाण्यात उतरायचंच नाही, अगदी गुडघाभरही नाही. ओहोटी लागली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पळतं आणि त्या ओढीपुढं चांगला पोहणाराही टिकत नाही. शिवाय तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षी जिथं कमरेइतकं पाणी होतं तिथं यंदा डोक्यावर असू शकतं, त्यामुळं ‘आम्ही मागच्या वेळी इथंच डुंबलो होतो’ या वाक्याला काही अर्थ नाही.

मधल्या किनाऱ्यावर भरती चढत असताना कमरेपर्यंत जायला हरकत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा मात्र शांत, गढूळ, फेस आत ओढणारा दिसला, तर तो शांत पट्टाच धोक्याचा. तिथून पाणी आत परततं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं झगडू नका, दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटेबरोबर बाहेर या. ओहोटी सुरू झाली की मुलांना वर बोलवा. आणि दारू घेतलेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नका, मग तो ग्रुपचा कितीही लाडका असो.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला. वाळूत पाकट नावाचा चपटा मासा लपलेला असतो. पाऊल वर पडलं तर शेपटीचा काटा मारतो, पाय घासत गेलं तर आधीच पळून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्यानं वेदना उतरते, आणि मग डॉक्टर. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र परुळ्याला, पुढं कुडाळ, आणि मोठं काही असेल तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय.

होडी

होडी सकाळी सातलाच काढा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा वाहतो आणि पाणी सपाट असतं. अकरानंतर खारा वारा उलट दिशेनं सुरू होतो, दुपारपर्यंत पाण्यावर चौफेर लाटा उठतात, होडी आपटते आणि निम्मे लोक उलट्या करतात. दुपारी तीनची फेरी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. ती स्वस्त का आहे ते पाण्यात गेल्यावर कळतं.

ठरवताना चार गोष्टी तोंडानं बोलून घ्या : पैसे माणशी की होडीचे, कुठं-कुठं नेणार, किती वेळ, आणि लाईफ जॅकेट सगळ्यांना आहे का. जॅकेट मांडीवर ठेवायला नसतं, बकल लावून घालायचं असतं. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते वर सरकून त्याच्या तोंडावर येतं. मुलांच्या मापाचं नसेल तर मुलांना किनाऱ्यावर ठेवा. मे अखेर ते ऑगस्ट अखेर होड्या बंद असतात. त्या काळात ‘थोडं आत नेऊन आणतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

डॉल्फिन ऑक्टोबर ते मार्चमध्ये बऱ्याचदा दिसतात. दिसले नाहीत तर पैसे परत मागण्यात अर्थ नाही, ते काही होडीवाल्याच्या पगारावर नाहीत. दिसले तर मात्र इंजिन बंद करायला सांगा. चार होड्या चारी बाजूंनी घेरतात तेव्हा ते बुडी मारतात आणि लांब निघून जातात. इंजिन बंद करून थांबलेल्या होडीजवळ ते स्वतःहून येतात.

देवबागहून येणाऱ्या होड्यांच्या यादीत ‘गोल्डन रॉक’ असतो. तो निवतीचा सोनेरी दिसणारा खडक. देवबागहून पैसे मोजून लांबून दाखवतात, भोगव्यात राहणारा माणूस त्याच्या आसपास पायी फिरतो. नदीच्या तोंडातल्या वाळूच्या पट्ट्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. तिथं वॉटर स्पोर्ट्सची जत्रा भरते, सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. स्नॉर्केलिंग किंवा स्कुबा करायचं असेल तर मालवण-तारकर्लीला एक सकाळ वेगळी काढा, आणि ती डिसेंबर-फेब्रुवारीत. इतर वेळी पाणी गढूळ. भोगव्यात ते मागू नका.

खरी बेटं हवी असतील तर ती निवतीसमोर उघड्या समुद्रात आहेत : वेंगुर्ला रॉक्स, दीपगृह असलेला खडकांचा समूह. तिथल्या गुहांत पाकोळी पक्षी घरटी करतात. लाळेच्या या घरट्यांची पूर्वी परदेशातल्या सूपसाठी चोरी व्हायची. अंतर बरंच आहे, समुद्र उघडा आहे, आणि गुहांत शिरण्याचा, खडकावर उतरण्याचा आग्रह धरू नये. लांबून बघण्यासाठीसुद्धा मोठी होडी, अनुभवी तांडेल (होडीचा मुख्य खलाशी) आणि शांत सकाळ या तिन्ही गोष्टी जमल्या तरच जा. दोन दिवसांच्या सहलीत हे बसवण्याचा अट्टहास नको.

किल्ला आणि बाकीचं

निवतीचा किल्ला लहान आहे, पायथ्यापासून वीसेक मिनिटांची चढण. जांभ्यात खोदलेला खंदक आणि ढासळलेले बुरुज सोडले तर वास्तू म्हणून फार काही उरलेलं नाही. पण वरून उत्तरेकडं भोगव्याचा अख्खा किनारा एका नजरेत दिसतो, आणि तेवढ्यासाठी चढावं. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेइतकं असतं, त्याखाली खड्डे दिसत नाहीत, म्हणून चपला नको, बूट घाला. सूर्यास्त बघून उतरायचं असेल तर टॉर्च हवाच. फोनच्या बॅटरीवर विसंबू नका, ती दिवसभर रेंज शोधून आधीच निम्मी झालेली असते.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर तो दिवस लागला म्हणायचा. होडीनं समुद्रात गोल टाकलेलं जाळं दोन्ही टोकांना माणसं धरून किनाऱ्यावर ओढतात. हात लावायची इच्छा असेल तर विचारून लावा, दोरीला जागा मिळते. ओढताना मध्येच सेल्फीसाठी सोडून देणाऱ्याला मात्र शिव्याही मिळतात, आणि त्या मालवणी असतात. तारली, पेडवे, बांगडा तिथंच विकत मिळतात. अनवाणी फिरू नका, टाकून दिलेल्या शिंगाळा माशाचा काटा वाळूत उभा राहतो.

खवण्याचं कयाकिंग चांगलं आहे, भरतीत. ओहोटीत चिखलात रुतता. परुळ्याचं आदिनारायणाचं मंदिर आणि वालावलचं तळ्याकाठचं लक्ष्मीनारायण मंदिर परतीच्या वाटेवर बघून होतात.

एक तक्रार गावाची आहे, पाहुण्यांबद्दल, आणि ती रास्त आहे. काचेच्या बाटल्या वाळूत फुटतात आणि रापणकरांच्या अनवाणी पायात जातात. स्पीकर वाजतात. त्यात आपल्या एमएच ०९ च्या गाड्या कमी नसतात.

कधी जायचं याचं उत्तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी मध्यापर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी अकरा ते चार घराबाहेर पडवत नाही. मे महिन्यात आंबे, करवंदं, फणस आणि गर्दी, आणि विसाव्या तारखेनंतर समुद्र खवळायला लागतो. पावसाळ्यात समुद्र फक्त बघायला.

परतताना

रविवारी जेवून दोनला निघा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो. मासे न्यायचे असतील तर सकाळी घ्या आणि यजमानांच्या ओट्यावर पोट साफ करून घ्या, आतडी ठेवून नेलेला मासा आधी पोटाकडून बिघडतो. थर्माकोलचा डबा, मासा जितका तितकाच बर्फ : पाच किलोला पाच किलो, फोडलेला. खाली बर्फ, त्यावर पिशवीत बांधलेला मासा, वर पुन्हा बर्फ, आणि झाकणाला चिकटपट्टी. डबा गाडीत आडवा करू नका, वितळलेलं पाणी एकदा डिकीच्या गालिच्यात गेलं की वास पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतो. बांगडा आणि तारलीच्या बाबतीत बर्फाची कंजूषी अजिबात नको. हे मासे गरमीत काही तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं हे त्याचं लक्षण. कुर्ल्या जिवंतच न्यायच्या, नांग्या बांधून ओल्या गोणपाटात, बर्फात नाही. वाटेत मेलेली कुर्ली कोल्हापुरात पोचून शिजवू नका. तिसऱ्या घरी गेल्यावर मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवा, वाळू सोडतात. टिचकी मारूनही ज्यांचं तोंड मिटत नाही त्या टाकून द्या, आणि शिजल्यावर ज्यांचं तोंड उघडत नाही त्याही.